लांब भोंगा

मुक्काम मध्य प्रदेश
दि. २० नोव्हेंबर २०२३

ती. देवकीताईस,
किशोरचा सा. न. वि. वि.

माझ्या आयुष्यातलं हे दुसरं पत्र. पहिलं शाळेत मराठीच्या बाईंनी लिहायला लावलं होतं, तेही तुलाच होतं, आणि ते तूच लिहून दिलं होतंस. फोन असताना पत्र कशाला, म्हणून सोनाली हसते आहे. पण फोनवर बाबांना काही ऐकू येत नाही. मी इकडून घसा फोडतो आणि ते तिकडून ‘हां हां, जेवलो’ म्हणून फोन ठेवतात. पत्र मात्र चष्मा लावून दोनदा वाचतील. आता ते तुझ्याकडे राहताहेत, तेव्हा माझं पत्र आधी त्यांच्या हातात दे आणि मग तू वाच.

दसऱ्याला आपल्या हेदपाड्याच्या दारूगोळा डेपोचं फाटक बंद झालं आणि आम्ही फायरवाले चार दिशांना पांगलो. मला इथं पाठवलं. हा डेपो आपल्या डेपोच्या कितीतरी पट मोठा आहे, काम तेच. सकाळी गाडी पुसायची, पाइप तपासायचे, भोंगा वाजवून बघायचा. थंडी मात्र आपल्याकडची नाही. सोनालीनं लग्नातली पैठणी सोडून घरातलं सगळं अंगावर घालून पाहिलं आहे.

निघताना दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या. एक म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा भोंगा. तो आता भंगारात निघेल. शेवटची तुकडी डिसेंबरपर्यंत तिथं आहे, कर्नलसाहेब बाबांना ओळखतात. तू सरपंच आहेस, एक अर्ज दे आणि तो ग्रामपंचायतीला मागून घे. आगीची गाडी गेली, आम्हीही गेलो. गावाला निदान हाक मारायला काहीतरी हवं.

दुसरी गोष्ट गवताची. तारेच्या आत, वरच्या माळावर, आम्ही गवत कधी उभं राहू दिलं नाही. दिवाळी झाली की लहानी आणि तिच्या वाडीतल्या बाया कापायला यायच्या आणि आम्ही तारेला लागून जाळरेषा काढायचो, म्हणजे पट्टाभर जमीन आधीच जाळून मोकळी ठेवायचो. यंदा ते कोण करणार? वाडी अगदी तारेला चिकटून आहे. तेवढं बघ.

परमुलखात तुझ्या मायेवरच दिवस काढतो आहे, ती पोस्टानं येत राहू दे.

तुझा,
किशोर

•

हेदपाडा, ता. शहापूर
दि. ४ डिसेंबर २०२३

चि. किशोरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी दोनदा नाही, चारदा वाचलं आणि मग उशीखाली ठेवलं. माझ्या हाती यायला दुसरा दिवस उजाडला. अक्षर सुधारलं आहे म्हणाले. मी म्हटलं, नोकरीला लागून इतकी वर्षं झाली, आता तरी सुधारायला हवं.

गावची हालहवाल विचारशील तर सांगते. फाटकासमोरचं चहाचं दुकान बंद झालं. जवानांचे कपडे शिवणारा मास्तर मशीन डोक्यावर घेऊन आटगावला गेला. कमळूकाकांचा दुधाचा रतीब सगळा डेपोत जायचा, आता दूध घेणारं कुणी नाही, म्हणून काकू रोज खवा आटवते आणि गावाला बळंबळं गोड खायला लावते. तुझ्या भाऊजींनी जीप विकली. फाटक ते मुरबाड ही फेरी जवानांच्या बायकामुलांवर चालायची, आता त्या जीपमध्ये बसणार कोण? ते हायवेच्या गोदामात रात्रपाळीला जातात आणि दिवसा घरात झोपतात. गावातले बहुतेक बाप्ये हल्ली गोदामातच आहेत. दिवसा हेदपाड्यात बाया, म्हातारी माणसं आणि पोरं एवढीच असतात.

भोंगा मिळाला. कर्नलसाहेबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. बारकूची मुलगी ना, म्हणाले, घेऊन जा. बाबांनी इतकी वर्षं तो वाजवला, त्यानंच त्यांचे कान नेले, आणि तरी ट्रॅक्टरवरून उतरवताना त्यावरून हात फिरवत उभे राहिले. आता तो पंचायतीच्या गच्चीवर बसवायचा आहे. बटण माझ्या टेबलाजवळ येईल.

गवताचं सोपं नाही. मिलिटरी गेली, पण जमीन अजून सरकारकडे आलेली नाही. शहापूरला तहसीलमध्ये विचारलं तर आमच्याकडे ताबा नाही म्हणतात. आत फक्त कुठल्याशा कंपनीचा वॉचमन बसतो. इकडे गावात दोन तट पडलेत. आपली समिती म्हणते, आजोबा-पणजोबांच्या जमिनी मिलिटरीसाठी घेतल्या होत्या, मिलिटरी गेली, आता जमिनी परत द्या. दुसऱ्या तटाचा साईनाथ म्हणतो, जमिनी परत घेऊन नाचणीच लावणार ना, त्यापेक्षा गोदामं येऊ द्या, पोरांना नोकऱ्या लागतील. खरं सांगू का, दोघांचंही पटतं, म्हणून जास्त त्रास होतो.

लहानी येऊन गेली. विळे घासून ठेवलेत, कधी बोलावता, असं विचारत होती. मी आठवडाभर थांब म्हटलं.

सोनालीला सांग, पैठणीही घाल, बघायला कोण येतंय. तुम्हा दोघांची सय येते, तीच या पत्रासोबत पाठवते.

तुझी,
देवकीताई

•

मुक्काम मध्य प्रदेश
दि. २७ डिसेंबर २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भोंगा मिळाला हे वाचून इतका आनंद झाला की सोनालीला वाटलं पगारवाढ झाली. जीप विकली याचं वाईट वाटलं. भाऊजी त्या जीपला तुझ्यापेक्षा जास्त जपायचे हे तूच म्हणायचीस.

काल इथं आगीची कवायत झाली आणि मला आपली कवायत आठवली. बाबा सायकलवरून घरोघर जाऊन शिकवायचे ते आठवतं का? छोटा भोंगा म्हणजे कामाचा, लक्ष देऊ नका. लांब भोंगा म्हणजे डेपो पेटला, हातातलं टाकून नदी गाठा, मागं बघू नका. दारूगोळा पेटला तर विझवायला धावायचं नसतं, लांब पळायचं असतं, हे त्यांनी पोरासोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मी पहिलीत होतो तेव्हा झोपेतसुद्धा नदीकडे पळालो असतो.

आणि ज्यांना चालता येत नाही त्यांची बाज रस्त्याच्या कडेला ठेवायची, पाय रस्त्याकडे, उशाला पाण्याचा तांब्या. मिलिटरीची गाडी येऊन बाजेसकट उचलायची. लहानीच्या सासऱ्यांचे, मंगळूबाबांचे, पाय लुळे पडल्यापासून वाडीतून दर कवायतीला त्यांचीच बाज असायची. नवरदेवासारखे ऐटीत बसायचे, विडी पेटवायचे, आणि बाबा येऊन ती विझवायचे. गाडीत चढवताना जवानांना म्हणायचे, आज जेवायला काय केलंय? एकदा तर खरोखर जेवून आले होते.

असो. गवताचं मनावर घे ताई. संक्रांतीपर्यंत ते पिवळं पडेल, मग उन्हाळ्यात पेटायला काडी लागत नाही. वाडीतल्या बायांना कापू दे, तुझ्या सहीनं. कुणाची का जमीन असेना.

इथं थंडी आहे, पण तुझी आठवण ऊबदार आहे, तेवढ्यावर समाधान.

तुझा,
किशोर

•

हेदपाडा
दि. २८ जानेवारी २०२४

चि. किशोरास,
अनेक आशीर्वाद.

परवा सव्वीस जानेवारीला भोंग्याचं उद्घाटन झालं. साईनाथनं नारळ फोडला. भोंगा आणला मी, आणि फोटो सगळे त्याचे. वर बटण दाबायलाही तोच पुढे. बाबांनी त्याचा हात धरला आणि छोटाच वाजव, उगाच लांब वाजवायचा नसतो, असं बजावलं. त्यानं टिचकी मारल्यासारखा वाजवला. टाळ्या पडल्या. मंगळूबाबांना बाजेसकट आणलं होतं, त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि जेवायला काय केलंय असं विचारलं. मी त्यांना दोन जिलब्या जास्त दिल्या.

आता गवत. समितीची बैठक घेतली. मी म्हटलं, वाडीतल्या बायांना आत सोडू, गवत कापू दे. मग कमळूकाका म्हणाले, आज वाडीवाले गवत कापतील, उद्या म्हणतील इतकी वर्षं आमचाच विळा चालला, जमीन आमची. बैठक उठायच्या आत ही गोष्ट साईनाथच्या कानावर. तो तहसीलला अर्ज देऊन आला, की सरपंच विळ्याच्या आडून जमिनीत शिरते आहे. वनखात्याचा माणूस येऊन गेला, तो म्हणतो नकाशात ही जागा जंगल आहे, पान तोडाल तर गुन्हा. म्हणजे ज्याचा विळा आधी आत जाईल त्याची जमीन, अशी सगळ्यांची समजूत झाली आहे, आणि म्हणून कुणीच कुणाला आत जाऊ देत नाही. गवत कमरेच्या वर गेलं आहे.

मी सही केली नाही, किशोर. समिती फुटली तर जमीन परत मागणारं गावात कुणी उरणार नाही, असं सगळे म्हणाले आणि मीही ते मानलं. लहानीला सांगितलं, जमिनीचा निकाल लागेपर्यंत थांब. तिनं विळा कमरेला खोचला आणि ती गेली.

बाबांची तब्येत ठीक आहे. तू रागावशील हे ठाऊक आहे, तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

•

मुक्काम मध्य प्रदेश
दि. १५ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो आहे. तुझ्यावर नाही असं लिहिणार होतो, पण थोडा तुझ्यावरही.

गवत निकालासाठी थांबत नाही. कापायचं नसेल तर निदान तारेबाहेर, वाडीच्या बाजूनं, जाळरेषा काढून घ्या. ती जागा गावठाणात येते, तिथं कुणाचा अर्ज लागत नाही. बाबांना विचार, त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि मंगळूबाबांना उन्हाळाभर खाली गावात कुणाच्या तरी पडवीत ठेवा.

मी रजेचा अर्ज दिला आहे. होळीला येतो आणि स्वतः जाळरेषा काढतो, मग ज्याला माझ्यावर गुन्हा घालायचा त्यानं घालावा.

माया कशी कमी होईल? कमी झाली असती तर एवढं लिहिलं असतं का?

किशोर

•

हेदपाडा
दि. १८ मार्च २०२४

चि. किशोरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी रजा नामंजूर झाल्याचं फोनवर कळलं. परवा निवडणुकीची आचारसंहिता लागली. मी शहापूरला जाऊन आले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, ताई, आता जूनपर्यंत कुठल्याही कागदावर सही होणार नाही. गवताचा कागद आचारसंहितेत कसा येतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, सगळंच येतं. मोठ्या मोठ्या गाड्या मात्र रोज येतात. एका गाडीतले म्हणतात जमीन परत मिळवून देऊ, दुसऱ्या गाडीतले म्हणतात कंपनी आणू. दोघंही माळाकडे हात करून बोलतात आणि त्या हाताखाली उभं गवत कुणाला दिसत नाही.

जाळरेषेचं बाबांना विचारलं. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच कोयता घेऊन निघाले. लहानी आणि दोन बाया मदतीला आल्या. थोडा पट्टा साफ झाला, तेवढ्यात वॉचमन आला, त्यानं फोटो काढले आणि कुणाला तरी पाठवले. संध्याकाळी साईनाथची माणसं आणि आपल्या समितीची माणसं दोन्ही माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालेलं पाहिलं. काम थांबलं.

मंगळूबाबा खाली यायला तयार नाहीत. ते म्हणतात, वाडी सोडून कुठं मरू?

तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. भोंगा आहे. काही झालं तर मी सगळा गाव गोळा करीन.

तुझी,
ताई

•

हेदपाडा
दि. १४ एप्रिल २०२४

चि. किशोर,
आशीर्वाद.

फोनवर तुला सांगितलं ते अर्धंच होतं. माझ्याभोवती माणसं होती आणि मला रडू आवरत नव्हतं. आता सगळं लिहिते. बाबांना हे पत्र दाखवणार नाही.

पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी वारा सुटला होता. बाप्ये गोदामांवर गेले होते, तुझे भाऊजीसुद्धा त्या दिवशी दिवसपाळीला होते. तारेच्या आत, माळाच्या वरच्या अंगाला धूर दिसला. कुणी लावली, कशी लागली, कुणालाच सांगता येत नाही, आणि आता सांगून उपयोगही नाही. मी आगीची गाडी मागवायला फोन केला. ती लांबून येणार होती. मग मी भोंगा वाजवला.

मला वाटलं, गाव येईल. डहाळ्या घेऊन, पोती भिजवून, मिळेल ते घेऊन येईल. तीस-चाळीस बायांनी वाडीच्या वरच्या अंगाला झोडपलं असतं तरी आग थोपवता आली असती, जाळरेषेचा तुकडा होताच. मी बटण दाबलं आणि दाबून धरलं. कुणी येईना, म्हणून आणखी धरलं. खिडकीतून पाहिलं तर बाया पोरांना काखेत मारून उलट्या बाजूला, नदीकडे पळत होत्या. कमळूकाकांनी म्हशीची दावण सोडली आणि तेही तिकडेच. वाडीकडून माणसं खाली उतरत होती, पंचायतीसमोरून जात होती, पण थांबत कुणी नव्हतं. मी खिडकीतून ओरडले, पण भोंग्यापुढे माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? मला कळेना, यांना झालंय काय. मी आणखी दाबलं. किशोर, मी जितकं दाबत होते तितके ते लांब जात होते.

बाबांना भोंगा ऐकू आलाच नाही. ते आपल्या ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांना पळणारी माणसं दिसली. ते पंचायतीत आले, माझा हात धरून बटणावरून काढला आणि म्हणाले, “पळायला मीच शिकवलंय त्यांना. बंद कर तो.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आम्ही दोघं वाडीकडे गेलो. वाडी रिकामी होती. दारं उघडी, चुलीवर भात तसाच. आणि रस्त्याच्या कडेला मंगळूबाबांची बाज होती. पाय रस्त्याकडे, उशाला तांब्या, जसं शिकवलं होतं तसं. वाडीतल्यांनी काही चूक केली नव्हती. वर धुरानं आभाळ दिसत नव्हतं. ते खोकत होते, आणि मला बघून त्यांनी विचारलं, “गाडी मागं हाय का?”

बाबांना ऐकू आलं नाही. मला आलं.

आम्हा दोघांना बाज उचलेना, म्हणून ओढली. आग वाडीत शिरली होती. बाबांनी खालच्या बाजूला न नेता, आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर नेली, कारण जळलेलं परत जळत नाही. बाजेचा एक खूर पेटला तो बाबांनी हातानं विझवला. हाताला फोड आलेत, ते तुला सांगू नको म्हणाले होते. तिथं आम्ही तोंडावर पदर आणि पंचा धरून बसलो आणि समोर वाडी जळताना पाहिली. भोंगा थांबला म्हणजे संकट टळलं, असं समजून लोक नदीवरून परत यायला लागले, तोवर एकही घर उरलं नव्हतं.

मंगळूबाबांना ट्रॅक्टरमध्ये घालून शहापूरला नेत होतो. जीप असती तर कदाचित वेळेत पोचलो असतो. आटगावच्या अलीकडे त्यांचा श्वास थांबला. लहानी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “गाडी येल म्हनून ठेवलं गो ताई. कदी चुकली नाय ती.”

पाडव्याला गावात कुणी गुढी उभारली नाही. प्रचाराच्या दोन्ही गाड्या येऊन गेल्या, दोघांनीही चादरी वाटल्या. आणि काल मोजणीवाले आले. गवत जळल्यामुळे माळ मोकळा झाला, आता मोजायला सोपं जाईल, असं त्यांच्यातला एकजण सहज म्हणून गेला. ज्या विळ्याला आम्ही कुणीच आत जाऊ दिलं नाही, त्या विळ्यानं मंगळूबाबा वाचले असते. माझी सही वाचवू शकली असती. मी ती राखून ठेवली, कशासाठी ते आता माझं मलाच सांगता येत नाही.

मी सरपंचपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. बाबा तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीत.

देवकी

•

मुक्काम मध्य प्रदेश
दि. २६ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. सोनालीनंही वाचलं आणि ती रात्री जेवली नाही.

भोंगा मागून घे, असं मीच लिहिलं होतं. लांब भोंग्याला सगळे कसे पळायचे, मंगळूबाबांची बाज कशी ठेवायची, हेही मीच तुला मजेत लिहिलं होतं. सगळं माझ्याच हातानं एका कागदावर उतरलं होतं, आणि मी फायरमन असून मला ते दिसलं नाही. गाडी गेली हे आपल्याला ठाऊक होतं. पण गाडी येणार नाही, हे वाडीत जाऊन कुणी सांगितलं? ना मिलिटरीनं, ना सरकारनं, ना मी, ना तू. डेपो बंद करताना सगळ्याची मोजदाद झाली ताई, खुर्च्यांचीसुद्धा. लोकांना लागलेली सवय मात्र कुणी परत घेतली नाही.

राजीनामा देऊ नकोस. तू गेलीस तर त्या खुर्चीवर जो बसेल त्याला लहानीच्या डोळ्याला डोळा द्यावा लागणार नाही. तुला द्यावा लागेल, म्हणूनच तू तिथं हवीस. मी कडक बोलतो आहे, पण तू माझी मोठी बहीण आहेस, तुला खोटं सांगून मला झोप येणार नाही.

इथल्या डेपोच्या तारेला लागूनही एक गाव आहे. परवा सुट्टीच्या दिवशी मी तिथं गेलो. चालता न येणारी म्हातारी माणसं कोण कोण आहेत ते विचारत घरोघर फिरलो. लोकांना वाटलं मतदान जवळ आलंय म्हणून कुणीतरी आलंय. मी त्यांना सांगितलं, आमची गाडी येईलच, पण आमच्यावाचून उचलणारी चार माणसंही ठरवून ठेवा. का, तेही मंगळूबाबांचं नाव घेऊन सांगितलं.

बाबांना माझं हे पत्र दाखव. त्यांना सांग, त्यांनी शिकवलं म्हणून इतकी वर्षं लोक निर्धास्त झोपले. ज्यांनी पळायला शिकवलं त्यांच्याशिवाय परत फिरायला दुसरं कोण शिकवणार?

तुम्हा दोघांचे पाय धरून,
किशोर

•

हेदपाडा
दि. ३० मे २०२४

चि. किशोरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना दिलं. वाचून घडी घातली, उशीखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरची सायकल खाली काढायला लावली. चाकांत हवा राहत नव्हती, म्हणून हातात धरूनच निघाले. घराघरापुढे उभे राहतात आणि सांगतात, आतापर्यंत शिकवलं ते विसरा. भोंगा झाला की पंचायतीकडे या, हातात डहाळी घेऊन या, आणि चालता न येणाऱ्याला मागं ठेवू नका. ऐकू येत नसल्यानं त्यांचा आवाज मोठा असतो, एका घरचं तिसऱ्या घरापर्यंत पोचतं. लोक मान डोलावतात. पण पहिल्यांदा भोंगा वाजवून पाहिला तेव्हा निम्मं गाव पुन्हा नदीकडे. बाबा नदीच्या वाटेवर हात पसरून उभे होते आणि गुरं वळवावी तशी माणसं वळवत होते. कमळूकाका तर त्यांच्या काखेखालून निसटले. नंतर ओशाळून हसले आणि मग रडायलाच लागले.

राजीनामा फाडला. ग्रामसभा घेतली आणि ठराव मांडला, की जमीन कुणाकडेही जावो, गावठाणाच्या वरचं गवत दरवर्षी वाडीच्याच बाया कापतील आणि त्यावर कुणी ताबा सांगणार नाही, वाडीनंही नाही. साईनाथ उभा राहिला. मला वाटलं, आता विरोध करणार. तो म्हणाला, माझी सही पहिली घ्या. त्याला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक, मी विचारलं नाही. ठराव सरकार मानेल की नाही तेही ठाऊक नाही. वीस तारखेला मतदान झालं, वाडीतून कुणी गेलं नाही. घरांवर पत्रे चढलेत. लहानी माझ्याशी कामापुरतं बोलते. मला तेवढंही पुष्कळ आहे.

आज सकाळी पुन्हा भोंगा वाजवायचा ठरलं होतं. त्याआधी लहानी वाडीतून मंगळूबाबांची बाज घेऊन आली. जळलेल्या खुराच्या जागी तिनं नवा बसवला आहे. तिनं ती रस्त्याच्या कडेला ठेवली, त्याच जागी, पाय रस्त्याकडे, उशाला पाणी भरलेला तांब्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “वाजव.”

माझा हात बटणाला लागेना. पण लावला आणि लांब दाबला. खिडकीतून बघायचं मला धैर्य नव्हतं, तरी पाहिलं. नदीच्या वाटेवर कुणी नव्हतं. चार बाया बाजेकडे धावल्या, दोन वाडीतल्या, दोन गावातल्या. त्यांनी बाज खांद्यावर घेतली आणि पंचायतीच्या दारात आणून टेकवली. तांब्यातलं पाणी सांडलं नव्हतं. बाज रिकामी होती, तरी चौघींना धाप लागली होती. लहानीनं तो तांब्या उचलून आधी बाबांना दिला.

खाली बाबांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांच्या हाताचे फोड बरे होताहेत, पण अक्षर तिरकं आलंय, हसू नकोस. सोनालीला आशीर्वाद. जवळ नाहीस, तरी या घरात रोज तुझं नाव निघतं, हे विसरू नकोस.

तुझी,
देवकीताई

चि. किशोर,
भोंगा मला ऐकू येत नाही. माणसं कुठं धावतात ते बघून कळतो. आज सगळी गावाकडं आली.
बाबा